नोकरी सोडून फ्रीलान्स मेकअप आर्टिस्ट व्हायचंय? मुंबईत सुरुवात कशी करायची ते सांगते

तिशी-पस्तिशीत ऑफिस सोडून मेकअपमध्ये येऊ बघणाऱ्या बऱ्याच जणी (आता मुलंही) मला विचारतात की कुठला कोर्स करू, किट किती मोठं घेऊ, इन्स्टावर पेज कसं बनवू. मी स्वतः अकाउंट्समधून आलेय, त्यामुळे ही धाकधूक मला पूर्ण कळते. पण या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी हात, मग थोडं किट, मग कोणाच्या तरी हाताखाली काम, मग स्वतःचा रेट, आणि राजीनामा अगदी शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात, आधी राजीनामा देतात, मग पीएफ काढून महागडा कोर्स, मग ट्रॉलीभर सामान, आणि एवढं झाल्यावर पहिलं गिऱ्हाईक शोधायला लागतात. मग घरभाड्याच्या टेन्शनमध्ये मिळेल त्या पैशात काम घेतलं जातं आणि तोच रेट चिकटतो.

आधी चेहरे, जेवढे मिळतील तेवढे

नोकरी चालू असतानाच शनिवार-रविवारी चेहरे जमवा. स्वतःच्या चेहऱ्यावर कितीही सुंदर जमत असलं तरी ते इथे फार उपयोगी पडत नाही, कारण स्वतःचा चेहरा तुम्ही आरशात बघून करता, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हाताचा कोन, उभं राहायची उंची, डोळ्याची दिशा सगळंच बदलतं. आणि एकसारखे चेहरे नकोत. पापणी सैल झालेली आजी, गालावर वांग असलेली मावशी, पिंपल्स असलेली कॉलेजची मुलगी, गडद सावळा रंग, गव्हाळ रंग, एकदम तेलकट त्वचा, चष्मा लावणारी, सगळ्यांना खुर्चीत बसवा. मोबाईलवर टायमर लावून काम करा, कारण लग्नघरात वेळ हीच तुमची परीक्षा असते.

प्रत्येक चेहऱ्याचे तीन फोटो काढायचे. खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि फ्लॅश मारून. फ्लॅशचा फोटो मुद्दाम सांगतेय, कारण एसपीएफवाल्या प्रॉडक्टमधलं टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड किंवा सिलिकावाली पांढरी पावडर जास्त झाली की आरशात काही दिसत नाही पण फ्लॅशमध्ये डोळ्याखाली पांढरे पट्टे येतात, आणि ते लग्नाच्या अल्बममध्ये कायमचे राहतात. नंतर जिचा मेकअप केलात तिला सांगा की पाच तास मेकअप तसाच ठेव आणि मग सेल्फी पाठव. ती तेवढ्यात मंडईत जाऊन आली, लोकलने दोन स्टेशनं फिरून आली तर अजून उत्तम. मुंबईच्या दमट हवेत काय टिकतं हे तुम्हाला यूट्यूबवरून कळणार नाही, कारण तिथले बरेचसे व्हिडिओ एसी स्टुडिओतले असतात. इथे जाड एक थर कधीच टिकत नाही. पातळ थर, मध्ये टिश्यूने दाबून तेल काढणं, मग पावडर, मग परत पातळ थर, असंच करावं लागतं. आणि पाणी बेस असलेल्या प्रायमरवर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) सिलिकॉनवालं फाउंडेशन घातलं की कधीकधी त्याच्या वळ्या निघतात, त्यामुळे कोणतं कशावर बसतं हे घरीच करून बघा.

डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांवर डायरेक्ट फिकट कन्सीलर मारला की तिथे राखाडी छटा येते. आपल्याकडच्या त्वचेवर आधी पीच किंवा ऑरेंज करेक्टर अगदी थोडा लावायचा, नारिंगी निळसरपणा मारतो, मग त्यावर कन्सीलर कमी लागतो.

आता एका गोष्टीवर जरा जास्त बोलते. नवरीची आई किंवा काकू हळूच येऊन म्हणणारच, "जरा उजळ कर गं हिला." दोन शेड फिकट फाउंडेशन लावू नका. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या, हात तिसऱ्या, असं दिसतं आणि ती मुलगी स्वतःच्या लग्नाच्या फोटोत स्वतःसारखी दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. शेड जबड्याच्या कडेला आणि मानेवर लावून बघा, पाच-दहा मिनिटं थांबा कारण काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात, आणि मग ठरवा. उजळपणा हवाच असेल तर तो चेहऱ्याच्या मध्यभागी, डोळ्याखाली, नाकाच्या दांडीवर आणायचा. काकूंना शांतपणे सांगायचं की फोटोत मान आणि हात वेगळे दिसतील, फ्लॅशचा फोटो दाखवायचा, बहुतेक जणी ऐकतात.

कोर्स आणि असिस्ट करणं

कोर्स करा, पण सर्टिफिकेटसाठी नको. लग्नघरात कोणी सर्टिफिकेट विचारत नाही. कोर्स निवडताना दोन प्रश्न विचारा, जिवंत मॉडेलवर मला स्वतःला किती वेळा करायला मिळेल आणि माझा हात कोण दुरुस्त करेल, म्हणजे ज्यांच्या नावाने अकॅडमी आहे त्या स्वतः शिकवतात की त्यांची स्टुडंट. हायजीन शिकवतात का तेही विचारा. खिशाला परवडायचं असेल आणि वर्षभराचा वेळ असेल तर आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो, फी खाजगी अकॅडमीपेक्षा खूप कमी. नोकरी चालू ठेवून करायचं तर वीकेंड बॅच आणि सोबत असिस्ट करणं, हे मला सगळ्यात बरं वाटतं.

असिस्ट म्हणजे अनुभवी आर्टिस्टसोबत जाणं. खरं शिक्षण इथे होतं. साडीच्या निऱ्या धरणं, ब्रश पुसून देणं, खोपा घालताना पिना हातात देणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दहा बायका एकाच खोलीत बोलत असताना डोकं शांत कसं ठेवायचं ते बघणं. मेसेज करताना "मला तुमच्याकडून शिकायचंय" एवढंच लिहू नका, कुठल्या लाइनवर राहता, पहाटे चारला पोहोचू शकता का, साडी नेसवता येते का, हेअर येतं का, ते लिहा. समोरच्या आर्टिस्टला तेच हवं असतं. आणि पैसे, प्रवासखर्च, जेवण, फोटो टाकायची परवानगी हे आधीच विचारून घ्या. तिच्या नवरीचे फोटो न विचारता स्वतःचं काम म्हणून टाकायचे नाहीत, ही फील्ड फार छोटी आहे.

सिरियल किंवा सिनेमाकडे जायचं असेल तर तो रस्ता वेगळा. गोरेगावची फिल्मसिटी, मढ आयलंड, ठाण्यात घोडबंदर रोड इथे शूटिंग चालतं, बारा-बारा तासांची शिफ्ट, कंटिन्यूटीचे फोटो ठेवणं (पुढच्या सीनमध्ये लूक तसाच जुळावा म्हणून), आणि पेमेंट बऱ्याचदा ९० दिवसांनी. मेकअप-हेअरवाल्यांच्या युनियनचं कार्डही लागतं. बायकांसाठी तर हे दार फार उशिरा उघडलंय. सेटवर मेकअप करणारे ते "मेकअप दादा" आणि बायकांनी फक्त हेअर करायचं, असा युनियनचाच नियम होता, मेकअप आर्टिस्ट चारू खुराना आणि इतर काही जणींनी त्याविरुद्ध केस लढवली आणि १० नोव्हेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो नियम चुकीचा ठरवला. आज आपण सेटवर मेकअप आर्टिस्ट म्हणून जाऊ शकतो ते त्यांच्यामुळे, हे नवीन मुलींना माहीत असायला हवं. तरी सुरुवात लग्नापासून करा असं मी सांगेन, कारण तिथे पैसे त्याच दिवशी मिळतात आणि नोकरी सांभाळून करता येतं.

किट

पहिलं किट एका मध्यम बॅगेत मावलं पाहिजे. फाउंडेशनच्या पंधरा शेड नकोत, चार घ्या ज्या एकमेकांत मिसळून मधल्या छटा निघतील. करेक्टर पॅलेट, एक चांगली लूज पावडर, वॉटरप्रूफ मस्कारा आणि काजळ, लॅशेस म्हणजे खोट्या पापण्या आणि त्यांचा चांगला ग्लू (लेटेक्स नसलेला एक जवळ ठेवाच, काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते), सेटिंग स्प्रे. पैसे बेसवर, ब्रशवर आणि ग्लूवर घाला. आयशॅडो आणि लिपस्टिकमध्ये वाचवता येतात. क्रायोलन ब्रँडची फाउंडेशन स्टिक कितीतरी जुने आर्टिस्ट अजून वापरतात, पण ती जड आहे, अगदी थोडी घेऊन ओल्या स्पंजने पसरवायची सवय लागते. एअरब्रशची (फाउंडेशन फवारायची) मशीन पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका.

सामान क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि पार्ल्याला इर्ला मार्केटमध्ये छान मिळतं. नकली ज्वेलरीसाठी भुलेश्वर नाहीतर मालाडचं नटराज मार्केट. पण इम्पोर्टेड ब्रँड अर्ध्या किमतीत मिळाला की थांबा. बाहेरून आलेल्या कॉस्मेटिकवर इथल्या इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटचा नंबर छापलेला असायला लागतो, इथे बनलेल्यावर मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि एक्स्पायरी. ते नसेल तर घेऊ नका, कितीही खरं वाटलं तरी. डुप्लिकेट काजळाने कोणाचा डोळा सुजला तर लग्न तिचं आणि जबाबदारी तुमची.

मेकअपशिवायचं सामान लोक विसरतात: लांब एक्स्टेन्शन बोर्ड (हॉलच्या खोलीतला एकच प्लग नेहमी कपाटामागे असतो), छोटा टेबल फॅन, रिंग लाइट, सेफ्टी पिना, यू पिना, सुई-दोरा, स्ट्रॉ म्हणजे लिपस्टिक न बिघडता पाणी पिता येतं, सॅनिटरी पॅड, ग्लुकोजची बिस्किटं. नवरीने सकाळपासून काही खाल्लेलं नसतं, तिला चक्कर आली तर तुमचा सगळा मेकअप बाजूला राहतो.

स्वच्छता, यात अजिबात सूट नाही

लिपस्टिक, क्रीम, करेक्टर डायरेक्ट ब्रशने डबीतून घ्यायचं नाही. स्पॅचुलाने स्टीलच्या प्लेटवर काढायचं आणि तिथून लावायचं. मस्कारासाठी डिस्पोजेबल कांड्या, एकदा डोळ्याला लागली की परत ट्यूबमध्ये नाही, कचऱ्यात. पेन्सिल प्रत्येक चेहऱ्यानंतर तासायची. ब्रश दोन चेहऱ्यांच्या मध्ये ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि घरी आल्यावर साबणाने धुवून आडवे वाळवायचे, उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरतं आणि केस गळतात. पावडर पफ आणि स्पंज एका चेहऱ्याला एकच. डोळे आलेले असतील तर त्या व्यक्तीच्या डोळ्यांना हात लावायचा नाही, करवली असो की वराची बहीण, गोड बोलून नाही म्हणायचं. प्रत्येक डबीवर ती उघडली त्या महिन्याचं लेबल लावा. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि १२एम असं काहीतरी असतं, म्हणजे उघडल्यापासून १२ महिने, मस्कारा मात्र तीन-चार महिन्यांत बदलायचा. लग्नाआधी नवरीचा ट्रायल मेकअप करता त्या वेळी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट करून एक-दोन दिवस थांबायला सांगा.

मराठी लग्नाचा दिवस

मुहूर्ताची वेळ आणि तुमची वेळ यात मोठा फरक असतो. पत्रिकेवर ११ वाजून काही मिनिटं लिहिलेलं असलं तरी नवरी त्याच्या कितीतरी आधी तयार लागते, गौरीहर पुजायला बसायचं असतं, तिथून मामा तिला बोहल्यावर नेतो, त्याआधी फोटोग्राफरला त्याचा वेळ हवा असतो. म्हणून पत्रिका बघून वेळ ठरवू नका, घरच्यांकडून गुरुजींचा दिवसभराचा क्रम मागून घ्या आणि तिथून उलट मोजा. साडी किती वेळा बदलणार, गौरीहरला पिवळी, मग शालू, मग रिसेप्शन, की मधेच नऊवारी पण, हे विचारा, कारण नऊवारी नेसवायला वेगळा वेळ आणि कदाचित वेगळी व्यक्ती लागते.

मुंडावळ्या कपाळावर सतत घासतात, तिथे बेस एकदम पातळ आणि पावडरने घट्ट बसवलेला हवा. चंद्रकोर लिक्विड कुंकवाने काढली तर पूर्ण वाळू द्या, मगच मुंडावळ्या. नथ दाबाची असेल तर नाकाच्या त्या बाजूचा मेकअप नथ घातल्यावर परत बघा. लाजाहोमाच्या धुराने डोळ्यात पाणी येणारच, बिदाईला तर येतंच, म्हणून खालच्या पापणीला फार काही लावू नका. आदल्या दिवशीची हळद मानेवर, कानामागे, बोटांवर राहते, नुसत्या फेसवॉशने जात नाही कारण हळदीचा रंग तेलात विरघळतो, क्लेन्झिंग बाम किंवा साधं खोबरेल तेल लावून पुसायचं आणि मग धुवायचं. नवरीला आधीच सांगून ठेवा, ब्लीच, थ्रेडिंग चार-पाच दिवस आधी, आणि शेवटच्या आठवड्यात कुठलंही नवीन फेशियल नाही. गजरे कोण आणणार तेही ठरवा. दादरच्या फूलबाजारातून तुम्ही आणणार असाल तर ते पैसे वेगळे धरा.

प्रवासाचं आदल्या रात्रीच बघा. पहाटेच्या पहिल्या लोकलच्या भरवशावर चारला हॉलवर पोहोचता येत नाही, कॅब बुक करा आणि ड्रायव्हरचा फोन लागतो का ते झोपायच्या आधी बघा. रविवारच्या लग्नाला मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते शनिवारीच तपासा.

पैसे

दुसरी किती घेते ते बघून रेट ठरवू नका. समजा तुम्ही नवरीचे १२,००० सांगितले. त्यातून असिस्टंटचे २,०००, जाऊन-येऊन कॅब १,५००, लॅशेस, पिना, डिस्पोजेबल आणि वापरलेलं प्रॉडक्ट धरून १,५००. उरले ७,०००. आता त्यात ट्रायलचे तीन तास, लग्नाचे दहा तास, प्रवास, ब्रश धुणं, फोनवरची बोलणी मिळवा, १६-१७ तास होतात, म्हणजे तासाला साधारण सव्वाचारशे. हे गणित स्वतःच्या आकड्यांनी करा आणि मग बोला. सुरुवातीला कमी घेतलंत तरी काही हरकत नाही, पण "पोर्टफोलिओसाठी फुकट" फक्त मैत्रिणींना आणि प्रॅक्टिससाठी. ज्या घरात केटररला, डेकोरेटरला पैसे मिळतायत तिथे तुम्हालाही मिळायला हवेत.

सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरून "ओके" येऊ द्या. तारीख, पत्ता, किती चेहरे, हेअर आणि साडी धरून की वेगळं, टच-अपसाठी किती वाजेपर्यंत थांबणार, प्रवास कोणाचा, ॲडव्हान्स किती आणि लग्न पुढे गेलं तर त्याचं काय. ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख धरायची नाही. उरलेले पैसे नवरी खोलीतून बाहेर पडायच्या आधी, कारण नंतर पैसे देणारे काका पाहुण्यांत आणि जेवणाच्या पंगतीत अडकलेले असतात आणि तुम्हाला त्यांच्या मागे फिरावं लागतं. "माझं पण जरा लायनर लाव ना" म्हणणाऱ्या येतातच, त्यासाठी एक्स्ट्रा चेहऱ्याचा रेट आधीच त्या मेसेजमध्ये असू दे, आणि नवरी पूर्ण झाल्यावरच बाकीच्या.

या कामासाठी वेगळं बँक खातं उघडा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी रजिस्ट्रेशन लागत नाही. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होतं, त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटला देऊ नका. कंपनीचं किंवा प्रॉडक्शनचं काम केलं आणि त्यांनी टीडीएस कापला तर तो इन्कम टॅक्सच्या साइटवर तुमच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये दिसतोय ना ते बघा, रिटर्न भरताना तो हिशेबात येतो.

सीझन आणि राजीनामा

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पौषात बरेच जण लग्न टाळतात (तेव्हा डिसेंबरच्या आसपास शाळांची गॅदरिंग असतात), मग माघापासून उन्हाळ्यापर्यंत कामच काम, आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास. ते चार महिने लग्नं जवळजवळ नाहीतच. त्या काळात मंगळागौरीचे ग्रुप, डोहाळेजेवण, नवरात्रीचे लूक, भरतनाट्यमचं अरंगेत्रम (पहिला जाहीर कार्यक्रम), यावर चालवावं लागतं. मंगळागौरीचा एक ग्रुप म्हणजे एका सकाळी आठ-दहा नऊवाऱ्या आणि खोपे, हात फार पटकन बसतो. पेजवर टाकायला फोटोही इथूनच मिळतात, फिल्टर न लावता टाका, आणि एक फोटो मेकअप केल्या-केल्या आणि एक पाच तासांनंतरचा असं जोडीने टाका, गिऱ्हाईक तेच बघतं.

म्हणून म्हणते, एक पूर्ण वर्ष, म्हणजे सीझन आणि चातुर्मास दोन्ही, नोकरी सांभाळून काढा. सुट्ट्या पुरणार नाहीत, दमायला होईल, पाठ दुखेल, पण सुकाळ आणि दुष्काळ दोन्हींचे आकडे हातात येतील. वर्षाची बेरीज घरखर्चाला पुरतेय, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे आणि पुढच्या सीझनच्या काही तारखांचे ॲडव्हान्स आलेत, असं झालं की राजीनामा द्या. नोटीस पिरियड मोजून द्या, दोन महिन्यांचा असेल तर गणपतीच्या सुमारास, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत मोकळ्या व्हाल. ऑफिसचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी बंद होतो, त्यामुळे स्वतःची पॉलिसी त्याच्या आधी सुरू करा. रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय लॅपटॉप जमा करून निघू नका, आणि पीएफ आहे तिथेच राहू द्या.